आधी कोणाचं दार

पौर्णिमानं एस्केपचं बटण दाबलं ते नुसतं पाहावं म्हणून. इतकी वर्षं सकाळी कॉम्प्युटरची ही मशीन सुरू केली की एक जांभळा पडदा यायचा, त्यावर पाच ठिपके एकामागून एक उजळायचे, विझायचे, पुन्हा उजळायचे, आणि तेवढ्यात ती स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवायची. चहा उकळला की मशीन तयार. मशीनचं आणि तिचं हे ठरूनच गेलं होतं, आणि त्या पडद्यामागे काय चालतं हे बघायची तिला कधी गरज वाटली नव्हती. पण आज मशीन पुसून टाकून तिच्यावर नवं, लहानसं, बेताचं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली, टाकायचं असं ठरवून ती बसली होती, आणि घर सोडण्याआधी माणूस उगाच एकदा माळ्यावर डोकावतो तसं तिनं ते बटण दाबलं. जांभळा पडदा गेला. काळ्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या. हे सुरू झालं, ते सुरू झालं, प्रत्येक ओळीच्या तोंडाशी हिरवं ओके. आणि मग सगळं थांबलं. शेवटची ओळ इंग्रजी अक्षरांत होती, पण इंग्रजी नव्हती. तिनं ती आधी मनात वाचली, मग ओठ हलवून वाचली. अकोल्याची वाट पाहून राहिली.

आत आधण उकळून गॅसवर सांडल्याचा वास आला तरी ती हलली नाही. ओळ तशीच होती. मग एकाएकी दुसरी ओळ आली, आता जातो कामाले, आणि तिची रोजची ओळखीची मशीन, डाव्या बाजूच्या चित्रांसकट, काही झालंच नाही अशी समोर उभी राहिली. अशी ओळ लिहिणारा माणूस जगात एकच होता. तो अकोल्यात कौलखेडला राहत होता, तिचा सख्खा भाऊ होता, आणि आई गेल्यापासूनच्या चार वर्षांत त्या दोघांचं एका शब्दानं बोलणं झालं नव्हतं. म्हणजे ती बोलत नव्हती, तो बोलत नव्हता, आणि ही मशीन मात्र रोज सकाळी अमरावतीच्या या खोलीत बसून त्याची वाट पाहत होती. पौर्णिमाला आधी हसू आलं. मग राग आला. मग दोन्ही ओसरल्यावर जे उरलं ते निव्वळ कुतूहल होतं, आणि ते काही केल्या जाईना.

ही मशीन त्या भावानं, संघपालनंच दिलेली. तो अकोल्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये होता, आणि भंगारात निघालेल्या मशीनी जोडून जिवंत करायचा त्याला नाद होता. पौर्णिमानं तेव्हा अमरावतीत पुस्तकं, प्रबंध, स्मरणिका जुळवून द्यायचं काम नुकतंच धरलं होतं. नवी नवरी, नवं घर, कठोरा नाक्याजवळची ही वरच्या मजल्यावरची खोली. संघपाल एसटीनं मांडीवर मशीन घेऊन आला होता; मूर्तिजापूरच्या स्टँडवर उतरून चहासुद्धा प्याला नाही, का तर मशीनपाशी कोण बसणार. तशीच दुसरी मशीन त्यानं अकोल्याच्या घरी ठेवली. पौर्णिमा पानं जुळवायची आणि तो मुद्रितं तपासायचा. रात्रीतून तिची पानं त्याच्या मशीनवर दिसायची, सकाळी त्यानं खुणा केलेली पानं हिच्या मशीनवर. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्याच्या डोळ्यांतून सुटायची नाही. 'पोर्ने, तुह्या पुस्तकात भगवंताले बी मोक्ष नाई, वेलांटी चुकली,' असं तो फोनवर ओरडायचा. आता गेल्या चार वर्षांत तिनं जुळवलेल्या पुस्तकांत चुका राहतात, हे लेखक तिला सांगत नाहीत, पण तिला माहीत आहे. छापून आलेलं पुस्तक ती हल्ली उघडत नाही.

त्या मशीनींना त्यानं एकच पाठ शिकवला होता. जागं झालं की आधी दुसरी जागी आहे का बघायचं. ती दिसली, की मग आपलं दार तिच्यासाठी उघडायचं. ऐकायला किती चांगलं. हे दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, आणि त्यात काही खोट असेल हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण दोघंही एकाच आईची. तोवर दोघींतली एक तरी जागी असायचीच; मग एका उन्हाळ्यात दोन्ही गावांची वीज एकदमच गेली आणि एकदमच आली. दोन्ही मशीनी एकदमच उठल्या. अकोल्याची अमरावतीकडे बघत बसली, अमरावतीची अकोल्याकडे. दोघींचीही दारं बंद. संघपालनं फोन केला, तुही मशीन बिघडली. ती म्हणाली, माही नाई, तुही बिघडली. असं दुपारभर चाललं. आई, मनकर्णाबाई, तिकडे पंख्याखाली तुरीची डाळ निवडत होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात आयेचं काम करून निवृत्त झालेली बाई. मशीनशी तिचा संबंध धूळ पुसण्यापुरता. फोनवरचं सगळं ऐकून ती मागून बोलली ते पौर्णिमाला अमरावतीत लख्ख ऐकू आलं: 'कोनी तरी आंधी दार उघडा ना बाप्पा. दोघंबी आतून कडी लावून बसले न् म्हन्तात, हा काहून येत नाई.'

त्यावर तोड म्हणून संघपालनं पौर्णिमाची मशीन बदलली. तिची अकोल्याची थाप आली की लगेच, नाही तर थोडा वेळ वाट पाहून, स्वतःच दार उघडून कामाला लागेल. 'न् तुही?' तिनं विचारलं होतं. 'माही थांबली तं थांबली. तू दिसेस्तोवर दुसरं काई करत नाई ते.' 'काहून?' 'मोठा हाओ म्हनून.' यात काही तर्क नव्हता, पण त्यांच्या घरात तर्कानं फार काही चालत नसेच. जेवायला उशीर करणाऱ्याची भाकर टोपल्यात झाकून ठेवायची, तो आल्याशिवाय आई जेवायची नाही, आणि आई जेवली नाही म्हणून संघपाल जेवायचा नाही. पौर्णिमा मात्र जेवायची. लहान होती, भूक लागायची. तिला कोणी काही म्हणायचं नाही, आणि या न म्हणण्याचा हिशेब कुठेतरी मांडला जातोय, असं तेव्हा तिला वाटलंही नव्हतं.

आई आजारी पडली ती सात-आठ महिने अंथरुणावरच होती. संघपालनं रजा काढून काढून संपवल्या. पौर्णिमा दर शनिवारी दुपारची एसटी धरायची, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, संध्याकाळी आईच्या उशाशी. रविवारी रात्री परत. ती आईचं अंग पुसायची, केस विंचरायची, आणलेली संत्री सोलून एकेक फोड तोंडात द्यायची. आपण करतो आहोत, जमेल तेवढं करतो आहोत, असं तिला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं. पण आई गेली बुधवारी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजींचं सूत्रपठण झाल्यावर, सगळं घर नातेवाइकांनी भरलेलं, पौर्णिमा बाहेरून थकून आत आली आणि माठाकडे वळली. संघपाल दाराशी उभा होता. तो कोणाकडेही न बघता मोठ्यानं म्हणाला, 'पाव्हनीले पानी द्या व कोनी.' कुठल्याशा चुलत वहिनीनं खरंच पेला भरून आणून दिला. आल्यागेल्याला आधी पाणी, हा आईचाच रिवाज. पौर्णिमानं ते पाणी उभ्यानं प्यायलं, सगळं प्यायलं, पेला तांब्यावर पालथा घातला, आणि रात्रीच्या गाडीनं अमरावतीला आली. ते पाणी अजून घशाखाली उतरलेलं नाही. चार वर्षांत तिनं कितीदा मनात त्याला उत्तरं दिली असतील. पण त्याच्या मनातही तोच पेला अडकला असेल, हे आज सकाळी त्या ओळीसमोर बसेपर्यंत तिला सुचलं नव्हतं.

अनुप, तिचा नवरा, महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवतो आणि घरात कशालाही फार गंभीर होऊ देत नाही. कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत तो म्हणाला, 'टाक ते लोखंड भंगारात न् नवी घे. बँकेची साइटबी उघडत नाई तिच्यावर.' तिनं त्याला सांगितलं की मशीन जुनी नाही, तिच्यावरचं ओझं जुनं आहे. कंपनीनं ते लिनक्स सांभाळणं केव्हाच सोडून दिलंय. नको ते शंभर कारभारी आत बसलेत, छपाईयंत्र शोधणारा, ब्लूटूथ शोधणारा, नकाशे, खेळ. नवं लिनक्स अगदी लहान. सांगितल्याशिवाय काहीच करत नाही. 'मंग आपल्या विपुलसारखं,' अनुप म्हणाला. विपुल म्हणजे त्याचा शाळेतला शिपाई. तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं विचारलं, 'तुम्ही कधी पाहिलं का, मशीन काही दिवशी लवकर सुरू होते?' अनुपनं बादली खाली ठेवली. 'होते ना. कधीमधी. तू चहा टाकाले जाते न् हे हाजर. मले वाटे, तिचाबी मूड असते.'

म्हणजे तिचा भास नव्हता. पौर्णिमा पुन्हा मशीनसमोर येऊन बसली आणि तिनं डोळे मिटले. वाट पाहणं म्हणजे अकोल्याची मशीन बंद. मग ज्या सकाळी वाट पाहावी लागली नाही, त्या सकाळी? मशीन जुन्या नोंदी ठेवत नव्हती; जागा वाचावी म्हणून तिनंच त्या बंद केलेल्या. तेव्हा आठवणीखेरीज साधन नव्हतं, आणि आठवण हे फार लबाड साधन आहे. मागाल ते देतं. तरी एक सकाळ तिला पक्की आठवली. गेल्या वर्षीची बुद्धपौर्णिमा. त्याच तिथीला ती जन्मली म्हणून तिचं हे नाव. पांढरी साडी नेसून विहारात निघण्याआधी तिनं एक तातडीचं पान पाठवायला मशीन लावली, आणि दूध पातेल्यात ओतेपर्यंत मशीन तयार. ती चहा न पिताच निघाली होती, म्हणून आठवलं; दिवसभर डोकं दुखलं होतं. त्याआधीच्या वर्षीही? बहुतेक. विहारातून परत येऊन मशीन लावली, खिरीचं पातेलं उघडलं तेव्हा ती आधीच तयार होती, असं काहीतरी. आणि थंडीतली एक सकाळ, आई गेली त्या तारखेच्या आसपासची. त्या दिवशी ती कामाला बसणारच नव्हती. पण तिच्या हाताला रोजची सवय; बटण दाबलं, आणि मशीन लगेच उभी. म्हणजे तो मशीन लावत होता. त्या घरात, आईच्या खोलीतल्या कोपऱ्यात, वर्षातून दोन-तीन सकाळी, तो एक बटण दाबत होता आणि ती दिसेस्तोवर दुसरं काही करत नव्हता. फोन नाही. निरोप नाही. नुसतं, आहे का, एवढं बघत होता. आणि ती इकडे चहा उकळत होती.

तिला त्याचा फार राग आला. एवढं करण्यापेक्षा फोन करायला काय झालं होतं? आणि मग लगेच, तितक्याच रागानं, तिला स्वतःचं आठवलं: ती अकोल्याच्या हवामानाची बातमी रोज वाचते. अकोला पंचेचाळीस, अकोला सेहेचाळीस. कूलर चालू असेल का त्याच्याकडे, असं मनात येतं आणि ती पान उलटते. तिचंही तेच चाललं होतं, फक्त बटण वेगळं.

उद्या बुद्धपौर्णिमा. हे लक्षात आल्यावर तिला घाई झाली. जुन्या मशीनवरचं सगळं तिनं नीट बाहेर काढून ठेवलं. पुस्तकं, फाँट, खुणा केलेली जुनी मुद्रितं, संघपालनं लिहिलेली ती वाट पाहायची आज्ञा. मग पेनड्राइव्ह लावला आणि जुनी डिस्क पुसून टाकायला सांगितलं. पुसू का, म्हणून मशीननं एकदाच विचारलं. हो म्हटल्यावर ते इतक्या पटकन झालं की तिला वाईटही वाटता आलं नाही.

नव्या लिनक्सनं तिला दुपारभर गुंतवून ठेवलं. काहीच गृहीत न धरणारी मशीन कशी असते हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. वेळ कुठली लावू? आवाज हवा का? माउस आहे का? पडद्यावर चित्रं दिसायला हवीत की नुसती अक्षरं पुरतील? प्रत्येक गोष्ट विचारावी लागत होती, मागावी लागत होती, आणि मागितलं की तेवढंच मिळत होतं. घर मांडावं तसं. तिनं आपलं नाव मराठीत टाइप केलं तर नुसते चौकोन उमटले, रिकामे, एकासारखा एक. मशीनकडे देवनागरी नव्हतीच. कोणी मागितलीच नव्हती. ती त्या चौकोनांकडे किती तरी वेळ बघत बसली. मग तिनं फाँट टाकले, आणि चौकोनांत आधी पौ आला, मग बाकीचं नाव. आपल्याला काय काय लागतं? अनुप बाहेरून आला तेव्हा ती हेच मोजत होती, आणि तिला आश्चर्य वाटत होतं की फारसं लागत नाही. पानं जुळवायला एक, वाचायला एक, पाठवायला एक. बाकीचं सगळं इतकी वर्षं नुसतं सोबतीला बसलं होतं.

मशीन बंद करून तिनं पुन्हा सुरू केली. सवयीनं उठून गॅसपाशी गेली, लायटर हातात घेतला, आणि वळून बघते तर मशीन तयार. ठिपके नाहीत, पडदा नाही, वाट नाही. 'वा,' अनुप म्हणाला. तिला मात्र कसंसंच झालं. लायटर हातात तसाच. इतकी मोकळी सकाळ घेऊन माणसानं करायचं काय? ती पुन्हा बसली आणि तिनं संघपालची आज्ञा उघडून शेवटपासून वाचली. आता नव्या मशीनसाठी ती तिला स्वतःलाच लिहायची होती, तर ती तिनं उलटी लिहिली. आधी आपलं दार उघड. मग कामाला लाग. काम करता करता अधूनमधून अकोल्याकडे बघत राहा. थांबू नको. आई असती तर म्हणाली असती, एवढं कळायला तुम्हाला एवढी वर्षं लागली का. लिहून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं अनुपला भज्यांचं पीठ भिजवायला सांगितलं.

भजी तळता तळता तिला ते आठवलं, आणि झारा कढईतच राहिला. खूण. प्रत्येक मशीनची स्वतःची एक खूण असते, बोटाच्या ठशासारखी, आणि दुसरी मशीन पहिल्या भेटीत ती जपून ठेवते. पुढे दर भेटीत आधी खूण ताडून बघते. जुळली नाही तर दारातूनच मागे फिरते, कारण त्या नावावर दुसरंच कोणी बसलं असेल. पौर्णिमाच्या मशीनची खूण जुन्या डिस्कवर होती. तिनं फाँट काढले, मुद्रितं काढली, दहा वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिकासुद्धा काढल्या, आणि ती एक चिमूटभर गोष्ट पुसून टाकली. नव्या मशीननं नवी खूण तयार केली होती. उद्या सकाळी संघपाल बटण दाबील. त्याची मशीन येईल, नाव तेच, घर तेच, आणि खूण परकी. ती त्याला सांगेल की ही तुझी पौर्णिमा नाही. आणि ती दिसेस्तोवर दुसरं काही न करणारी ती मशीन तिथंच अडून राहील. त्याला वाटेल, हिनं आपल्याला काढून टाकलं. खूण विसरली, असं तिनं मनाशी म्हटलं, पण विसरली का राहू दिली, याची तिची तिलाच खात्री देता येईना. यावर उपाय एकच होता. ती खूण त्यानं स्वतःच्या हातानं स्वीकारायची, आणि त्याआधी कोणीतरी त्याला ती वाचून दाखवायची. म्हणजे फोन.

तिनं फोन हातात घेतला. नाव काढलं. संघपाल दादा. नावाशेजारी आईबरोबरचा त्याचा फोटो, आई कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कशाकडे तरी बघतेय. 'कर ना,' अनुप भजं चावत म्हणाला. 'तो मोठा हाये,' ती म्हणाली, आणि हे बोलल्यावर तिला कळलं की आपण चार वर्षं हेच म्हणत आलो. मोठा आहे तर त्यानं करावा. आणि तो तिकडे म्हणत असेल, लहान आहे तर तिनं. आधी कोणाचं दार? पण कळलं म्हणून हात हलतोच असं नाही. सकाळी पाहू, असं ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

सकाळी तिनं पांढरी साडी नेसली. अनुप विहारासाठी मोगरा आणायला गेला होता. उन्हं अजून चढली नव्हती तरी भिंत गरम होती. पौर्णिमानं मशीन लावली. ती लगेच उभी राहिली, दार उघडलं, तसं एका ओळीत सांगितलं, आणि गप्प झाली. तिनं पडद्यावर एक खिडकी उघडून ठेवली, दाराशी कोण येतंजातं ते दाखवणारी. जुन्या मशीनवर असलं काही बघायला तिनं कधी मागितलं नव्हतं. खिडकी रिकामी होती. ती तिच्यासमोर बसून राहिली, चहा न ठेवता. आणि मग ओळ आली. अकोल्याहून कोणी आलं. दुसरी ओळ: बोलणं होण्याआधीच परत गेलं. जरा वेळानं पुन्हा तेच. आलं, परत गेलं. पुन्हा आलं. तो तिथं बसला होता, आईच्या खोलीत, आणि त्याची मशीन दर थोड्या वेळानं इथवर येऊन, तिची खूण बघून, ही ती नव्हे म्हणून माघारी जात होती. हे नुसतं बघत राहता आलं असतं. पाचव्यांदा की सहाव्यांदा ओळ आली तेव्हा तिचा हात फोनकडे गेलेलाच होता.

बराच वेळ वाजला. मग: 'हां.'

तो आवाज. जरा बसलेला.

'दादा, मशीन लावली का?'

पलीकडे कूलरचा आवाज. तिला बरं वाटलं, कूलर आहे.

'तुले कसं मालूम?'

'माह्या दारात दिसून राह्यलं ना. येते न् जाते.'

'हे म्हन्ते, पोर्निमा नोय ही.' तो सावकाश, वाचून दाखवल्यासारखा बोलला. 'म्हन्ते, तिच्या नावानं दुसरंच कोनी बसलं हाये. सावध राहा म्हन्ते.'

'मीच हाओ, दादा. मशीन नवी केली. जुनी खूण राह्यली काढाची.'

'राह्यली?' मुद्रितं तपासणारा तो जुना सूर. 'पत्रिका-बित्रिका सारं काढलं असन, न् खूणच राह्यली?'

'तू नव्हता ना तपासाले.'

हे तिच्या तोंडून निघून गेलं. कूलर चालू होता. खिडकीत आणखी एक ओळ आली, आलं, परत गेलं.

'वाच,' तो म्हणाला.

ती वाचू लागली. लांबलचक, अर्थ नसलेली अक्षरं. मोठा क्यू. लहान आर. सात. लहान एम. तो मागोमाग पुटपुटत होता. एका ठिकाणी त्यानं अडवलं, 'मोठा का लहान? नीट वाच ना व.' ती नीट वाचू लागली. तिचं नाक वाहत होतं आणि तिनं ते साडीच्या पदरालाच पुसलं, पांढऱ्या. शेवटचं अक्षर झालं.

'जुयलं,' तो म्हणाला. 'आता इचारते, हे तीच हाये का म्हनून. व्हय लिहू?'

'लिही.'

इंग्रजी येसच्या तीन अक्षरांचे तीन ठोके आणि मग एक मोठा, फोनमधून स्पष्ट ऐकू आले. खिडकीत ओळ आली. अकोला आत आला. यावेळी खाली दुसरी ओळ आली नाही. ती वाट बघत राहिली, पण परत गेलं असं काही आलं नाही.

'आला,' ती म्हणाली. आणि मग, काय बोलावं ते न कळून, घरी आल्यागेल्याला म्हणतात तसं तिच्या तोंडून निघालं, 'पानी आनू?'

'मले काहून पानी?' तो एकदम फटकन म्हणाला, त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं. 'मी का पाव्हना हाओ?'

बोलून गेल्यावर त्यानं ते ऐकलं असावं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

'मीबी नव्हती, दादा.'

'नव्हती,' तो म्हणाला. 'नव्हती व, पोर्ने.' मग खाकरून, आवाज सरळ करून, 'चहा झाला का तुहा?'

'ठेवलाच नाई अजून.'

'ठेव मंग. मी हाओ.'

तिनं फोन कानाशीच धरून गॅस पेटवला, आणि आधणाचं पातेलं ठेवलं.